अभ्यासासाठी घेतलेला डबा

जगात कीबोर्डाचा सर्वांत मोठा उपयोग टायपिंगसाठी झालेला नाही. तो झाला बापाच्या खिशातून पैसे काढण्यासाठी. दोन रिमोट आणि एक डबा एवढंच दाखवलं तर बाप म्हणतो, “हा व्हिडिओ गेम आहे, घरात नको.” त्याच डब्याला ए-बी-सी-डीची बटणं बसवली की तोच बाप चष्मा पुसतो, खोका उलटसुलट करून पाहतो आणि विचारतो, “यात गणित येतं का?” दुकानदार म्हणतो, “सगळं येतं.” सौदा तिथेच पक्का होतो.

ही युक्ती आपली नव्हे. ती साहेबाची. १९८१च्या डिसेंबरात इंग्लंडात ‘बीबीसी मायक्रो’ नावाचा घरगुती संगणक निघाला. जनता संगणकसाक्षर व्हावी म्हणून बीबीसीनं तो एकॉर्न कंपनीकडून मुद्दाम करवून घेतला होता, सोबत टीव्हीवर शिकवणीही लावली होती. जनता तयार झाली. १९८४ साली केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन पोरांनी त्यावर ‘एलिट’ नावाचा गेम लिहिला. अवकाशात हिंडायचं, माल विकायचा, आडवा येईल त्याला उडवायचं. साक्षरता मोहीम फत्ते झाली.

त्याच देशात १९८२ साली क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ आला. रबरी बटणं, मोठ्या मॉडेलमध्ये ४८ किलोबाइट मेमरी, आणि गेम भरायला चक्क गाण्यांचा टेपरेकॉर्डर. कॅसेट लावली की काही मिनिटं कानठळ्या बसवणारी किंचाळी चाले, पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे नाचत, आणि अगदी शेवटी मशीन जाहीर करी की टेप वाचता आली नाही. पुन्हा पहिल्यापासून. पडद्यावर आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकटीत दोनच रंग मावत, त्यामुळे नायक झाडाजवळून गेला की स्वतःच हिरवा होई. तरी त्या देशातली एक अख्खी पिढी ‘होमवर्क’च्या नावाखाली या डब्यासमोर बसून होती. जपानही मागे राहिला नाही. निन्टेन्डोनं १९८३ साली ‘फॅमिकॉम’ हे गेमचं यंत्र काढलं आणि लगेच १९८४ साली त्याला कीबोर्ड आणि बेसिक भाषा जोडून दिली. बाप तिकडेही असतात.

भारतात सरकारनंच पुढाकार घेतला. १९८४-८५ साली शाळांसाठी ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू झाला आणि निवडक शाळांत बीबीसी मायक्रो पोचले. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं त्याच यंत्राला ‘युनिकॉर्न’ असं पौराणिक नाव दिलं. स्पेक्ट्रमही ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावानं इथे विकला गेला. पण हे सगळं मोठ्या गावांचं. मुंबई–हावडा लोहमार्गावर भुसावळ आणि शेगावच्या मधे आमचं मलकापूर आहे. मेल थांबते, पॅसेंजर थांबते, कापसाच्या गाड्या जिनिंगकडे वळतात. कॉम्प्युटर क्रांती मात्र आमच्या स्टेशनात न थांबता पुढे गेली.

ती परत आली १९९०च्या दशकाच्या शेवटी, भुसावळच्या बाजारातून, बाबांच्या काखेत.

बाबा जिनिंगमध्ये दिवाणजी. आयुष्य सरकी, रुई आणि गाठी मोजण्यात गेलेलं. त्यांना दुकानदारानं सांगितलं होतं की पुढचा जमाना कॉम्प्युटरचा आहे आणि हा कॉम्प्युटर घरच्या टीव्हीलाच लागतो. खोक्यावर चष्मा घातलेल्या एका गोऱ्या मुलाचं चित्र होतं. त्याच्या मागे पृथ्वीचा गोल, बाजूला पदवीदानाची टोपी. आत निघालं ते असं: एक कीबोर्ड, दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. बंदुकीचं शिक्षणात काय काम, हा प्रश्न आईनं विचारला. बाबा म्हणाले, “एनसीसी असंल.”

डब्याच्या आत काय होतं, ते पुष्कळ वर्षांनी कळलं. जपानी फॅमिकॉमची नक्कल होती ती. प्रोसेसर ६५०२ घराण्यातला, कामाची मेमरी २ किलोबाइट. आज आपण व्हॉट्सॲपवर वहिनीला ‘जेवलात का’ विचारतो तेव्हा फोन त्याहून कितीतरी जास्त मेमरी खर्च करतो. पण त्या दिवशी आमच्या आळीत कॉम्प्युटर आला होता, आणि नळगंगेपासून स्टेशनापर्यंत दुसऱ्या कोणाकडे तो नाही, अशी बाबांची समजूत होती.

पहिले काही दिवस शिक्षण खरोखर झालं. पुस्तिकेत पाहून मी एक कार्यक्रम लिहिला. पहिल्या ओळीत नाव छापायचं, दुसऱ्या ओळीत सांगायचं की परत पहिल्या ओळीवर जा. बटण दाबलं की पडदाभर नावच नाव, खालून वर पळत सुटलेलं. बाबांनी स्वतःचं नाव टीव्हीवर पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. मग हा कार्यक्रम पाहुण्यांसाठी राखीव झाला. पाहुणे बसले, पाणी झालं, चहा यायच्या आत त्यांचं नाव पडद्यावर. नांदुऱ्याचे मोठे बाबा आले तेव्हा तर त्यांनी आडनावासकट मागितलं, आणि नाव पळायला लागल्यावर म्हणाले, “थांबव रे आता, वाचू तं दे.” थांबवायचं कसं, ते पुस्तिकेच्या पुढच्या पानावर होतं आणि ते पान चिनी भाषेत होतं. लाईन गेली की नावं पुसली जात. डब्याला काही साठवून ठेवायची सोयच नव्हती. दुसऱ्या पाहुण्यासाठी पुन्हा सगळं टाइप करावं लागे. माझा टायपिंगचा जो काही पाया झाला, तो नातेवाइकांच्या आडनावांवर झाला.

आणि मग पिवळ्या कॅसेटचा शोध लागला.

तिच्यावर छापलं होतं: ९९९९९९९ इन वन. नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव गेम, एका कॅसेटीत. आम्ही पोट्टे हरखलो. बाबा मात्र दिवाणजी होते. गाडीवान सांगतो म्हणून क्विंटल लिहून घेणारा माणूस नव्हे तो. त्यांनी वही काढली आणि रविवारी दुपारी माल मोजायला बसले. मी एकेक गेम लावायचा, त्यांनी नोंद करायची. पंचविसाच्या आतबाहेर पोचलो आणि मारिओ पुन्हा आला. फक्त आता तो तिसऱ्या मजल्यापासून सुरू होत होता. मग रणगाडे पुन्हा आले. मग बदकं. पुढे तीच वरात फिरून फिरून. बाबांनी पेन बंद केलं, वहीत शेरा मारला, “घट: भरपूर”, आणि भुसावळच्या दुकानदाराबद्दल जे बोलले ते मोजमापाच्या भाषेत बसत नाही.

पण जे पंचवीस होते ते अस्सल होते. मारिओचंच घ्या. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे. बत्तीस मजले, पाण्याखालची दुनिया, किल्ले, राजकन्या, संगीत, सगळं त्यात. रोज सकाळी येणारा गुलाबाच्या फुलाचा ‘शुभ सकाळ’ त्याहून वजनदार असतो. जागा वाचवायला त्या लोकांनी काय काय केलं, त्यातली एक गोष्ट बाबांनी स्वतः पकडली. माझ्या मागे उभे राहून ते बराच वेळ पडदा न्याहाळत होते. मग म्हणाले, “ते आभाळातलं ढग अन् खालचं झुडूप एकच हाय. फक्त रंग बदलला.” खरंच तसं आहे, हे आज जगजाहीर आहे. त्या दिवसापासून मारिओ करणाऱ्याबद्दल बाबांचं मत चांगलं झालं. “माणूस हिशेबी हाय,” ते म्हणाले. भुसावळच्या दुकानदाराला त्यांनी असलं प्रमाणपत्र कधी दिलं नाही.

मारिओत एक चोरवाट आहे. पहिल्याच दुनियेच्या दुसऱ्या मजल्यावर छतावरून चालत पुढे गेलं की तीन पाइप लागतात, आणि त्यातल्या एकात उतरलं की थेट चौथ्या दुनियेत. तिथून पुन्हा एक वाट आठव्या दुनियेत. जपानमध्ये ही वाट मजेसाठी ठेवली असेल. मलकापुरात ती गरज होती. कारण खेळ साठवता येत नव्हता, आणि लाईन कधी जाईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आठही दुनिया सरळ रस्त्यानं पार करायच्या म्हणजे एवढा वेळ सलग वीज लागणार. एवढा वेळ सलग वीज म्हणजे आमच्याकडे दिवाळी किंवा मंत्र्यांचा दौरा. शेवटच्या किल्ल्यात आग ओकणारा राक्षस असतो असं ऐकून होतो. आमच्या आळीत त्याचं दर्शन फार थोड्यांना झालं. बाकीच्यांना त्याच्याआधीच अंधार भेटला.

खेळ सोपे होते, म्हणून त्यात कोणीही शिरू शकत होतं. हीच त्यांची सगळ्यात मोठी भानगड होती. डावीकडे, उजवीकडे, उडी, गोळी: चार गोष्टी कळल्या की माणूस तज्ज्ञ झाला, आणि मलकापुरात तज्ज्ञाला गप्प बसता येत नाही. खेळणारा एक, सांगणारे सात. “उडी मार.” “आत्ता नको, आत्ता नको.” “आरं मार ना बे!” उडी मारली आणि मेला की सातही जण एकसुरात, “म्हणलं होतं ना.” रिमोटवर घामाच्या बोटांचा थर, जमिनीवर वायरींचं जाळं, मे महिन्यात पारा ४५ला, वर पंखा, आणि त्या पंख्याचं बटण कोण बंद करील यावरून वेगळा खेळ.

रणगाड्यांचा गेम होता, ‘बॅटल सिटी’. नामको कंपनीचा, १९८५चा. तळाशी विटांच्या भिंतीत एक गरुड बसलेला, त्याला शत्रूच्या रणगाड्यांपासून वाचवायचं. आम्ही त्याला कोंबडी म्हणायचो. दोघांनी मिळून कोंबडी राखायची, असा मूळ बेत. पण या गेममध्ये आपली गोळीही आपल्या कोंबडीला लागते, आणि भागीदाराला लागली तर तो काही वेळ जागेवर थिजतो. एवढी मोकळीक दिल्यावर दोन सख्खे भाऊ शत्रूकडे कशाला पाहतील? शत्रू निवांत फिरत असे. कोंबडी घरच्याच गोळीनं मरत असे. आई आतून विचारी, “काय करू राह्यले रे?” आम्ही एकत्र सांगत असू, “अभ्यास!”

या गेमात स्वतः मैदान बांधायची सोय होती. ती मोठ्या बाबांना सापडली. आयुष्यभर त्यांनी रस्ते-पुलांची कामं घेतली होती. त्यांनी खेळायला साफ नकार दिला, फक्त बांधकाम मागितलं. एक अख्खी दुपार लावून मैदानाच्या आरपार पोलादी भिंत घातली, कुठेही फट नाही. मग म्हणाले, “आता चालू कर.” पोलादाला साधी गोळी लागत नाही. शत्रूचे रणगाडे वर घुटमळत राहिले, आमचे खाली. कोणी मरेना, कोणी जिंकेना. मोठे बाबा आरामखुर्चीत मागे रेलले. “हे असं काम पाह्यजे,” ते म्हणाले. त्यांच्या हातून झालेलं आणि पहिल्या पावसाळ्यात न वाहून गेलेलं बांधकाम मी तेवढंच पाहिलं.

बंदूक शेवटी कामाला आली ती ‘डक हंट’मध्ये. गवतातून बदकं उडतात, ती टिपायची. नेम चुकला की एक कुत्रं गवतातून वर येतं आणि तोंडावर हात धरून हसतं. आजी माळकरी, दर एकादशीला शेगावचं नाव घेणारी. बदक मारणं हे पाप, हे तिनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. त्यामुळे माझा नेम चुकला की घरात आनंद मानणारी ती एकटीच. पण नेम चुकला की कुत्रं हसे. पुण्य केल्याबद्दल हसणारं हे कुत्रं आजीला अजिबात सहन होईना. “मेलं हासते काहून? त्याले मार!” त्याला मारता येत नाही, गोळी लागतच नाही, हे समजावून सांगितल्यावर ती म्हणाली की मग या गेममध्ये न्याय नाही.

पेट्या ढकलायचा एक गेम असतो, ‘सोकोबान’. जपानच्या हिरोयुकी इमाबायाशी यांनी तो केला, १९८२ साली तो बाजारात आला. गोदामातल्या पेट्या ठरलेल्या जागी न्यायच्या. अट एकच: पेटी ढकलता येते, ओढता येत नाही. एकदा कोपऱ्यात अडकली की बसा. आमच्या शेजारी जिनिंगमध्ये गाठी वाहणारे एक काका राहत. त्यांनी हा प्रकार बराच वेळ शांतपणे पाहिला आणि विचारलं, “त्याले हात हायेत ना दोन? मंग वढत काहून नाही?” नियम आहे, म्हटलं. “मंग हा गेम हमालानं नाही लिहिला,” ते म्हणाले, “ठेकेदारानं लिहिला.” संगणकशास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे की हे कोडं सोडवणं यंत्रालाही अतिशय अवघड आहे. काकांचं निदान जास्त सोपं आहे.

राहता राहिला ‘टेट्रिस’. मॉस्कोच्या संगणन केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजितनोव यांनी तो १९८४ साली लिहिला. त्यांच्या यंत्रावर चित्रं काढायची सोयच नव्हती, म्हणून ठोकळे कंसांची चिन्हं जोडून केले. आकार सात. वरून एकेक पडतो, फिरवून खाली नीट बसवायचा, ओळ भरली की ती नाहीशी. गेमचे हक्क सरकारकडे होते. पाजितनोव यांना त्याचे पैसे मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं. बाबांना यात काहीच नवल वाटलं नसतं. सरकारकडून येणं बाकी असलेला माणूस त्यांनी रोज पाहिलेला होता.

रात्री सगळे झोपल्यावर पुढच्या खोलीतून टिकटिक ऐकू येई. बाबा डबा ‘तपासत’ असत. दिवसा आम्ही खेळलो की नाही हे कळायला ते ऑफिसातून आल्या आल्या टीव्हीच्या पाठीवर हात ठेवत. म्हणून आम्ही चार वाजताच टीव्ही बंद करून त्यावर ओलं फडकं टाकत असू. सकाळी मी टीव्हीच्या पाठीवर हात ठेवला तर ती गरम. फडकं कुठेच नव्हतं. दिवाणजी हिशेबात पक्के होते, पण पुरावा नष्ट करण्याचं शिक्षण त्यांच्या वेळी नव्हतं. एकदा मी विचारलंच, की टेट्रिस कसा वाटला. ते म्हणाले, “हा गेम नाही, जिनिंगची नोकरी हाय. वरून माल येतच राह्यतो, आपण थप्पी लावतच राह्याचं. अन् जास्त चांगली लावली तं माल आणखी जोरात येतो.” आणि पुन्हा रिमोट हातात घेतला. सुट्टीच्या दिवशीही कामावर जाणारा माणूस मी तेवढाच पाहिला.

मग पुढे खरे कॉम्प्युटर आले, एमएस-सीआयटीचा कोर्स आला, आणि कीबोर्डवाला डबा माळ्यावर गेला. गोष्ट इथे संपायची. पण तिला एक शेपूट आहे. २००८च्या सुमारास डेरेक लोमास नावाच्या अमेरिकी तरुणाला भारतातल्या बाजारात हाच टीव्हीला लावायचा डबा दिसला, किंमत अवघी १२ डॉलर. त्याला वाटलं, एवढ्या स्वस्तात गरीब घरांतल्या मुलांना शिकवता येईल. त्यानं सोबत्यांना घेऊन ‘प्लेपॉवर’ नावाचा प्रकल्प काढला, त्याच जुन्या चिपसाठी शैक्षणिक गेम करायला घेतले, आणि मॅकआर्थर प्रतिष्ठानानं त्याला अनुदानही दिलं. म्हणजे भुसावळचा दुकानदार बोलला होता ते अमेरिकेतल्या विद्वानांनीही मान्य केलं. आम्ही बाबांना ही बातमी वाचून दाखवली. ते म्हणाले, “त्याले सांगा, कॅसेट मोजून घे.”

आता मलकापुरात डॉ. कोलते यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि प्रत्येक पोट्ट्याच्या खिशात तो डबा हजार वेळा मावेल एवढा फोन आहे. त्यात मारिओही चालतो, टेट्रिसही चालतो. फक्त सगळं एकेकट्यानं चालतं. सहा इंची पडद्याभोवती सात सल्लागार बसू शकत नाहीत, आजीला त्यातलं कुत्रं दिसत नाही, आणि मोठ्या बाबांना बांधकाम करायला चष्मा पुरत नाही. फोनवरचे गेम थोर असतील. ते संपत नाहीत, लाईन गेली तरी बंद पडत नाहीत, आणि मेलात तर पैसे घेऊन जिवंतही करतात. माझं मत विचाराल तर ४० किलोबाइटांत जो खेळ होता त्यातला फार थोडा पडद्यावर होता. बाकीचा घरातल्या माणसांनी भरला होता, आणि त्याला मेमरी लागत नव्हती.

तेव्हा एक विनंती आहे. तुमच्या माळ्यावर, पितळी भांड्यांच्या आणि लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींच्या मधे असा एखादा कीबोर्डवाला डबा असेल तर तो भंगारात घालू नका. त्यात फार बिघडण्यासारखं काही नसतं. ॲडाप्टर गेला असेल तर त्याच व्होल्टेजचा दुसरा मिळतो, मात्र वायरीची अधिक-उणे बाजू तपासूनच लावा. टीव्हीच्या मागे पिवळ्या-पांढऱ्या वायरीची भोकं आहेत का ते पाहा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला पहिला डाव द्या आणि त्याला काहीही शिकवू नका. बंदूक मात्र चालणार नाही. ती जुन्या काचेच्या टीव्हीचा पडदा ज्या पद्धतीनं उजळत असे, त्यावर बेतलेली होती. नव्या सपाट टीव्हीवर कितीही जवळून नेम धरा, एकही बदक मरत नाही. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका.